चालू साल वजा सहा

आमच्या बालाघाट जिल्ह्यात तीस जूनला मास्तरांची झुंबड उडते. वर्षभरात जेवढे मास्तर रिटायर होतात, त्यातले निम्मे तरी त्या एका दिवशी होतात. हारवाल्याकडे हार उरत नाहीत. एकाच मंडपात आठ-दहा जणांना शाल-श्रीफळ देऊन मोकळं करतात आणि भाषणही एकच असतं, फक्त नाव बदलायचं. बाहेरच्या माणसाला वाटावं, इकडच्या बायका काय ठरवून एक जुलैलाच बाळंत होतात की काय! तसं नाही. आमच्या जन्मतारखा आम्हाला आईनं दिलेल्याच नाहीत, त्या गुरुजींनी दिलेल्या आहेत.

पद्धत सोपी होती. पोर दाखल करायला आणलं की त्याला म्हणायचं, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं झालं. मग चालू सालातून सहा वजा करायचे आणि पंजीत लिहायचं, एक जुलै. दाखल केलेल्या मुलांचं जे मोठं रजिस्टर असतं, त्याला आमच्याकडे पंजी म्हणतात. मला माझ्या गुरुजींनी असाच एक जुलै दिला आणि मीही एकोणचाळीस वर्षं गावच्या पोरांना तोच वाटत आलो. सरकारी हिशेबात पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या दिवशीच म्हातारा होतो, म्हणून तीस जून. यंदाच्या तीस जूनला माझा नंबर होता.

मी गुणाकर लांजेवार. राहतो बालाघाट शहरात. शाळा गोंदिया रस्त्यावर, राजेगावच्या अलीकडच्या एका लहान गावात. आजोबा भंडाऱ्याहून कारकुनीला इकडे आले, तेव्हा हा सगळा मुलूख एकाच प्रांतात होता. पुढे राज्यं वेगळी झाली, आम्ही होतो तिथेच राहिलो. आमच्या घरात मराठी, शाळेत हिंदी आणि राग आला की दोन्ही.

मी दमलो आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. शिकवून दमलो असतो तर दुःख नव्हतं. मी दमलो ते बाकीच्या कामांनी. माणसं मोजली, गुरं मोजली, मतदार मोजले, संडाससुद्धा मोजले. सायकली वाटल्या, जंताच्या गोळ्या वाटल्या. आता हजेरीही मोबाइलवर लावावी लागते आणि आमच्या शाळेत नेटवर्क फक्त चिंचेखाली मिळतं. साठी उलटलेला हेडमास्तर रोज सकाळी चिंचेखाली उभा राहून आपला फोटो काढतो आणि मी आलो आहे असं सरकारला कळवतो. तीन-चारदा कळवावं तेव्हा कुठे सरकारला पटतं.

मला आता फक्त सुटायचं होतं. सुटण्यासाठी एक कागद लागतो, की या इसमावर कुठलीही चौकशी चालू नाही. तो मिळाला की पेन्शनची फाइल पुढे सरकते. नाही मिळाला की माणूस घरी बसतो आणि फाइल ऑफिसात बसते. आमच्याच शाळेतल्या फकिरा मास्तरांचं तसं झालं. वाटलेल्या सायकलींत एका सायकलीचा मेळ लागेना, म्हणून चौकशी बसली. सहा वर्षं ते पिशवी घेऊन ऑफिसच्या चकरा मारत होते. चौकशी संपायच्या आधी मास्तर संपले. म्हणून यंदा जानेवारीपासून मी प्रत्येक कागदावर सही करायच्या आधी तो तीनदा वाचत होतो. माझा तो कागद शिक्षण ऑफिसातल्या मोठ्या कारकुनाच्या, बडे बाबू भोजराजच्या टेबलावर तयार पडला होता. साहेबांची एक सही तेवढी राहिली होती.

सोळा जूनला शाळा उघडली आणि त्याच दिवशी दुपारी ज्योत्स्ना आली. महागू बावनथडेची मुलगी. महागू चार वर्षांपूर्वी वारला. आई विमलाबाई धानाची शेती बघते आणि मोठा भाऊ हेमराज मलाजखंडला खाणीवर ठेकेदाराकडे आहे. ही पोर माझ्या हाताखाली पहिलीपासून आठवीपर्यंत शिकली. पाढे म्हणताना डोळे मिटायची, एवढं मला पक्कं आठवत होतं.

"सर, प्रायमरी टीचरमध्ये माझं सिलेक्शन झालं," ती म्हणाली.

मला खरंच आनंद झाला. आमच्या शाळेतून मास्तरीण होणारी ती पहिली. मी उठून उभा राहिलो, शिपायाला चहा सांगितला. पण ती काही हसेना.

"पन व्हेरिफिकेशनमधे अटकून राह्यलं, सर."

ताकाला जाऊन भांडं लपवण्याची तिला सवय नाही. तिनं सरळ सांगितलं. वेटिंग लिस्टमधल्या कोणीतरी तक्रार केली होती. सरकारच्या कॉम्प्युटरात घराघरातल्या माणसांची यादी असते. त्यात बावनथडेंच्या घरात हेमराजची जन्मतारीख होती बारा फेब्रुवारी दोन हजार आणि ज्योत्स्नाची एक जुलै दोन हजार. दोघांत साडेचार महिन्यांचं अंतर.

"ते म्हनते, साडेचार महिन्यांत दुसरं लेकरू कसं होईल? म्हनजे मी बाबाची पोरगीच नाही. कुठून तरी आनलेली. मंग माझा जातीचा दाखला पन झूठा, अन् नोकरी पन गेली." तिनं पर्समधून नोटीस काढून माझ्यासमोर ठेवली. "सर, तुम्ही एवढंच लिहून द्या का ही तारीख शाळेनं अंदाजानं टाकली होती. बस. चोवीस तारखेपर्यंत द्यायचं आहे. नाही दिलं तर माझी जागा त्या वेटिंगवाल्याले जाते."

मी कपाट उघडून पंजी काढली. सन दोन हजार पाचच्या पानावर हेमराज. तो गोंदियाला दवाखान्यात जन्मला होता, महागूनं दाखला आणला होता, म्हणून त्याची तारीख खरी. पुढच्या वर्षीच्या पानावर ज्योत्स्ना. दोन हजार सहा वजा सहा, एक जुलै दोन हजार. तारखेचा आधार काय, हे लिहायचा रकाना कोरा. खाली अक्षर माझं, सही माझी. गंमत अशी, की गावातल्या बाकी सगळ्या पोरांच्या तारखा खोट्या होत्या, म्हणून त्या कधी एकमेकींशी भांडल्या नाहीत. एकट्या हेमराजची खरी होती आणि तिनंच घोटाळा केला.

आणि मला तो दिवस आठवला. आठवला नसता तर बरं झालं असतं. विमलाबाई पोरीला कडेवर घेऊन आली होती. मी वय विचारलं तर म्हणाली होती, "हेमराजच्या पाठची हाये जी. धनतेरसले झाली. दिवे लावून राह्यलो होतो अन् पोट दुखाले लागलं." म्हणजे पोर पाच वर्षांचीसुद्धा पुरती नव्हती. डोक्यावरून हात नेला तरी तिची बोटं कानापर्यंत पोचत नव्हती. मी तिचं कोपर वर ढकललं आणि बोटं कानाला टेकवली. वर्षाचा पट भरायचा होता, पट कमी पडला तर दुसरा मास्तर काढून नेणार होते. मी म्हणालो होतो, "विमलाबाई, दिवाळीचं राहू द्या, सहाची लिहितो." ती म्हणाली, "तुमाले बरं वाटन तसं लिवा. तुमी शिकलेले."

"उद्या ये," मी ज्योत्स्नाला म्हणालो. "लिहून ठेवतो."

परतताना मी आधी भोजराजकडे गेलो. भोजराज माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण कागदाच्या बाबतीत तो आम्हा सगळ्यांचा बाप आहे. त्यानं ऐकून घेतलं आणि पंखा माझ्याकडे वळवला.

"गुरुजी, आ बैल मुझे मार करून राह्यले तुमी. सरकारी पंजीत मी मनानं तारीख टाकली, असं आपल्या हातानं लिहून देता? तो तक्रारवाला उद्या तुमचाच कागद घेऊन वरतं जाईल. बसली चौकशी!"

"मग काय लिहू?"

"लिहा, जन्मतिथि पंजी के अनुसार सही है. यात खोटं काही हाय का? पंजीत तेच हाय."

"आणि पोरीचं?"

"पोरीचं ते लोक पाहून घेतील जी. तुमचे चौदा दिवस राह्यले. काहून हात दाखवून अवलक्षण करता?"

मी घरी येताना स्वतःला बरंच काही समजावलं. एवढ्या मोठ्या ऑफिसात काय माझ्या एका कागदावर निकाल लागणार आहे? आणखी कागद असतीलच की. पंचायत लिहून देईल, शेजारी सांगतील. माणसाला स्वतःची समजूत घालायची असली की कारणं कमी पडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी भोजराजनं सांगितलेली ओळ लेटरहेडवर लिहिली, शिक्का मारला आणि ज्योत्स्नाच्या हातात दिली. तिनं ती उभ्याउभ्याच वाचली.

"सर, यात अंदाज असं लिहिलंच नाही."

"सरकारी भाषा अशीच असते," मी म्हणालो. "चालतं यानं."

तिनं कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. मग वाकून पाया पडली. पहिलीपासून माझ्यावर विश्वास ठेवायची सवय तिची. मी तोंडभर आशीर्वाद दिला. ती फाटकाबाहेर गेली तेव्हा मला सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. लाज थोडीच वाटली, सुटल्यासारखं जास्त वाटलं, खोटं कशाला बोलू!

संध्याकाळी प्रमोदिनीनं, माझ्या बायकोनं विचारलं, "त्या पोरीचं काम झालं का?"

"दिलं लिहून."

"काय लिहून दिलं?"

"लिहायचं ते."

तिनं पुढे विचारलं नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळलं आहे, की मी खरं बोलत असलो की लांबलचक बोलतो.

पुढचे पाच-सहा दिवस मी सरळ रस्त्यानं शाळेत जायचो आणि सरळ घरी यायचो. बावनथडेंचं घर रस्त्यावरच आहे, तिथे गाडीचा वेग आपोआप वाढायचा. ज्योत्स्नाचा फोन दोनदा आला. मी उचलला नाही. एकदा वर्गात होतो. एकदा नव्हतो.

तेवीस तारखेला, मधल्या सुट्टीत पोरं वरणभात खात बसली होती, तेव्हा विमलाबाई आली. शेतात धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायचे दिवस, पायाचा चिखलही तिनं पुरता धुतला नव्हता. मी खुर्ची दिली. ती बसली नाही, दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली. रडत नव्हती, आवाजही चढलेला नव्हता.

"गुरुजी, शुक्रवारी मले बालाघाटले बलावलं होतं. बयान द्याले."

"मला माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"तेथं टेबलावरच्या बाबूनं तुमचा कागद काढला. म्हने, तुम्हारे मास्टर ने तो लिखा है, तारीख सही है. लडके की भी सही, लडकी की भी सही. मंग मले पुसते, अम्मा, इसमें से तुम्हारा कौन सा है?" तिनं हातानं मागे दाखवलं. "मांगं लाइन होती जी. समदे हासले. म्या म्हनलं, दोनी माहेच हायेत. तो म्हने, दोनों तो हो नहीं सकते, अम्मा, सोच के बताओ."

मी पुन्हा खुर्ची तिच्याकडे सरकवली. तिनं तिच्याकडे पाहिलंही नाही.

"लोकं हासले तं हासू द्या. लोकायले काय. पन बसमधी पोरगी बोलली नाही. घरी आली, जेवली नाही. मंग रातच्यानं माह्याजवळ बसली अन् मले पुसते," इथे तिचा आवाज पहिल्यांदा हलला, "पुसते, आई, मले एकडाव खरं सांगून दे. मी तुहीच हाव ना? चोवीस सालाची पोरगी माही. माह्या पोटातून निंगाली, अन् मलेच पुसते!"

बाहेर पोरं ताटं घासत होती. त्यांचा खळखळाट चालला होता आणि मी टेबलावरच्या शिक्क्याकडे बघत बसलो होतो.

"म्या म्हनलं, हौ वो, माहीच. तं म्हनते, मंग सरनं असं काहून लिवलं?" विमलाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "तिले माह्यापरीस तुमच्यावर भरोसा हाये जी. नोकरी गेली तं गेली. धानाच्या रोवन्यात हात काय तिचे झिजनार हायेत? पन हे तुमी मिटवून द्या, गुरुजी. तुमीच लिवलं, तुमीच मिटवा."

माझ्या अंगात काही शौर्य-बिर्य संचारलं नाही. उलट इतका थकवा आला, की तिथेच जमिनीवर आडवं व्हावंसं वाटलं. पण एक गोष्ट स्वच्छ दिसली. आता लिहिलं नाही, तर तीस तारखेला मी सुटणार नव्हतो. पुढे जितकी वर्षं जगेन तितकी वर्षं ही बाई माझ्या दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहणार होती.

"उद्या दहा वाजता त्या ऑफिसासमोर या," मी म्हणालो. "ज्योत्स्नाला आणा. मी पंजी घेऊन येतो."

त्या संध्याकाळी प्रमोदिनीला मी सगळं सांगितलं, अगदी कोपर ढकलल्यापासून. फकिरा मास्तरांचीही आठवण करून दिली, म्हणजे उद्या मला दोष नको. ती उभी होती, गुडघ्यांवर हात ठेवून हळूच पलंगावर बसली.

"पेन्शन अटकली तं आपण अनुरागले मागू," ती म्हणाली. अनुराग आमचा मुलगा, नागपूरला असतो. "कुरकुर करेल, पण देईल. त्या बाईनं कोणाले मागायचं?"

मग उठून तिनं माझा इस्त्रीचा सदरा काढून ठेवला.

चोवीस तारखेला ऑफिसात मरणाची गर्दी होती. शेवटचा दिवस. आम्हाला खिडकीपर्यंत पोचायलाच साडेबारा झाले. तपासणीच्या मॅडम वयानं तिशीतल्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांनाही कोणीतरी पिळून काढत असणार. मी पंजीची दोन्ही पानं दाखवली, कागद मागून घेतला आणि त्यांच्यासमोर उभ्यानंच हिंदीत लिहायला सुरुवात केली. आयुष्यात हजारो प्रमाणपत्रं लिहिली, पण असं थांबत थांबत कधी लिहिलं नव्हतं. सहा ओळी लिहायला पाव तास लागला.

मॅडमनी तो कागद वाचला. मग फाइलमधून माझा जुना कागद काढून त्याच्याशेजारी ठेवला.

"सरजी, आठ दिन पहले आपने लिखा कि सही है. आज लिख रहे हैं कि ग़लत है. दोनों पर आपके साइन हैं."

"जी."

"रिटायरमेंट कब है?"

"तीस को."

"इसी तीस को?" त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांना माझी कीव आली असावी. नवा कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला. "बाहर जाकर चाय पी लीजिए. सोच लीजिए. मैं एक बजे तक बैठी हूँ."

मी गेलो नाही. बाहेर गेलो असतो तर परत आलो नसतो, एवढं मी मला ओळखतो. मी म्हणालो, "मॅडम, ले लीजिए." त्यांनी घेतला. फाइलवर काहीतरी लांबलचक लिहिलं, साहेबांच्या खोलीत जाऊन आल्या, माझ्या कागदाच्या नकलेवर पोच दिली आणि ज्योत्स्नाला म्हणाल्या, "तुम्हारी रोक हट गई. जॉइनिंग का मैसेज आएगा." माझ्याकडे न बघता पुढे म्हणाल्या, "सरजी, आपका मैं कुछ नहीं कह सकती."

व्हरांड्यात आलो तर खिशातला फोन वाजला. भोजराज होता. ऑफिसं एरवी गोगलगायीच्या चालीनं चालतात, पण अशी बातमी मात्र पळते.

"काय करून बसले तुमी, गुरुजी? साहेबानं तुमचा कागद सहीवरून वापस बोलावला. म्हने, पहिले जांच."

"बरं," मी म्हणालो.

"बरं काय? तीसले तुमाले शाल भेटेल अन् नारळ भेटेल, दुसरं काही भेटत नाही आता."

"बरं, भोजराज," मी पुन्हा म्हणालो आणि फोन बंद केला. व्हरांड्यातल्या बाकड्यावर मी बसलो. विमलाबाई बाकड्यावर न बसता माझ्यासमोर खाली बसली. ज्योत्स्ना आमच्याकडे पाठ करून खांबाजवळ उभी होती. नोकरी मिळाली तरी ती हसली नव्हती. सकाळपासून माझ्याशी बोललीही नव्हती, आणि आईशीही फारशी नाही.

"गुरुजी," विमलाबाई म्हणाली, "काय लिवलं ते मले वाचून दाखवा जी."

तिला वाचता येत नाही. मी नक्कल उघडली आणि हिंदीचं मराठी करत वाचू लागलो. "ज्योत्स्ना ही विमलाबाई आणि कैलासवासी महागू बावनथडे यांची पोटची मुलगी आहे. हेमराज आणि ज्योत्स्ना ही दोन्ही लेकरं विमलाबाईचीच. शाळेत दाखल करताना तिनं मला मुलगी धनतेरसला झाल्याचं सांगितलं होतं. ते न लिहिता मी माझ्या मनानं तारीख लिहिली. आठ दिवसांपूर्वीचं प्रमाणपत्र मी चौकशीच्या भीतीनं दिलं. ही चूक सर्वस्वी माझी आहे."

शेवटची ओळ वाचून मी नक्कल खाली घेतली. ती ओळ लिहिताना माझी एकोणचाळीस वर्षं पणाला लागली होती. मला वाटलं, आता ती काहीतरी म्हणेल. माफ केलं म्हणेल, नाहीतर चार शिव्या तरी देईल. मी दोन्हीला तयार होतो.

"ते चुकीचं राहू द्या जी," ती म्हणाली. "पयलं वाचा. जोरानं वाचा, तिले आयकू गेलं पायजे."

मी उठून उभा राहिलो. वर्गात शेवटच्या रांगेला ऐकू जावं म्हणून लावतो तसा आवाज लावला आणि पहिल्या दोन ओळी वाचल्या. खिडकीसमोरच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली. शुक्रवारी हसली ती यांच्यात होती की नाही, मला माहीत नाही, पण आज कोणी हसलं नाही. ज्योत्स्ना खांबापासून निघून आली आणि आईला खेटून खाली बसली. विमलाबाईनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसता तिचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला.

"अजून एक डाव," ती मला म्हणाली.

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.